दुसऱ्या रीजनचं, म्हणजे दुसऱ्या देशासाठीचं, गिफ्ट कार्ड आलंय? नवीन अकाउंट काढू नका

“दोन वर्षं साठवलेले रिवॉर्ड पॉइंट देऊन गेम स्टोअरचं कार्ड घेतलं, कोड टाकला तर ‘तुमच्या रीजनसाठी नाही’ म्हणतंय. त्या देशाचं नवीन अकाउंट काढून वापरू का?” हे तुमचं वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. नका वापरू. मी तेच केलं होतं.

कोड टाकताना शून्य आणि ‘ओ’ची गल्लत वगैरे तुम्ही पाहिलीच असणार, ते सोडतो.

माझंही कार्ड पॉइंटांचंच. कुणीतरी म्हणालं, त्या देशाचं अकाउंट काढ, पाच मिनिटांचं काम आहे. खरंच पाच मिनिटांत कोड लागला, पैसे जमा. त्यातून माझ्याकडे आधीपासून असलेल्या गेमचं एक्स्पान्शन, म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग, घेतलं. डाउनलोड झालं, पण गेमला ते दिसेचना. गेम एका रीजनचा, एक्स्पान्शन दुसऱ्या रीजनचं. माझ्या कन्सोलवर ही जोडी जमत नाही. बरं, गेमच पुन्हा घ्यावा, तर सगळे सेव्ह, म्हणजे आतापर्यंत खेळलेलं सगळं, जुन्या अकाउंटवर. शिवाय थोडे पैसे कमी पडत होते आणि माझं डेबिट कार्ड परदेशी म्हणून स्टोअर घेईना. शिल्लक दुसऱ्या अकाउंटला पाठवता येत नाही. ती अजून तिथेच पडून आहे.

मग तक्रार. स्टोअरचं मदत केंद्र म्हणे, खरेदीचं बिल पाठवा. पॉइंटवाले म्हणे, तुम्ही पैसे दिलेच नाहीत, बिल कुठून येणार? दर वेळी नवा माणूस, तक्रारीचा नवा तिकीट नंबर, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. सहा आठवड्यांनी पॉइंट वजा झाल्याचा ईमेल स्टोअरने कसाबसा पुरावा म्हणून मानला आणि उत्तर आलं: “कोड वापरलेला आहे, बदलून मिळणार नाही.” तिकीट बंद. कोड कोरा ठेवला असता तर निदान भांडायला जागा होती.

म्हणून तुम्ही आधी पॉइंटवाल्यांकडे जा, स्टोअरकडे नाही. कार्ड त्यांनी दिलंय. एररचा तारखेसकट स्क्रीनशॉट आणि पॉइंट वजा झाल्याचा ईमेल जोडा. पॉइंट परत मागण्यापेक्षा योग्य रीजनचा कोड मागा. पॉइंटांचा भाव ते कधीही खाली आणतात, हे माझं मत, पण अनुभवातून आलेलं. तेही नाही म्हणाले तर त्या देशात ओळखीचं कुणी असेल त्याला कार्ड देऊन टाका. अनोळखी माणसाला विकायच्या भानगडीत पडू नका.

अर्थात नियम स्टोअरगणिक वेगळे. स्टीम या पीसी गेम स्टोअरवर दुसऱ्या चलनाचं कार्ड सहसा आपल्या वॉलेटच्या चलनात बदलून जमा होतं. अ‍ॅपलचं कार्ड मात्र ज्या देशाचं त्याच देशात चालतं, आणि शिल्लक असेपर्यंत अकाउंटचा देशही बदलता येत नाही. तुमचं कार्ड कुठलं ते लिहिलं नाहीत, त्यामुळे त्या स्टोअरच्या अटी एकदा वाचाच.

“कोड द्या, रीजन बदलून देतो” असे मेसेज आता येतील. ज्याच्या हाती कोड, त्याचे पैसे. आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत कोडाची निम्मी अक्षरं दिसताहेत, तो आधी काढा.