पोषण आहाराच्या नियमातून सूट मागण्याआधी तो नियम वाचा

तुमचा प्रश्न असा आहे: आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या आसपास ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात राहायला येतात, त्यांची नावं पटावर नसल्याने पोषण आहार देता येत नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीने नियमातून सूट मागण्यासाठी अर्ज कुणाकडे करावा?

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करायचा, समितीचा ठराव जोडायचा आणि पोच घ्यायची. तिथून तो शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे आणि पुढे पुण्याला प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडे जातो. पण असा अर्ज करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सूट मागितली की परक्या गावच्या मुलाला ताट न देणं हाच नियम आहे, असं आपणच लिहून देतो. तसा नियम नाही.

मी कृष्णाकाठच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. दिवाळी झाली, कारखान्याचं गाळप सुरू झालं की शाळेमागच्या माळावर कोप्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या, उभ्या राहायच्या. बहुतेक माणसं बीडकडची. नवराबायको अंधारातच कोयते घेऊन फडात जायची आणि पोरं कोपीवर राहायची. आमची जेवणाची सुट्टी झाली की ती कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी असायची. काही मागायची नाहीत, नुसती बघायची. त्यात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, कडेवर कायम धाकटा भाऊ. तिला आत बोलावलं, पाटी दिली, तर तिने स्वतःचं नाव, गाव, तालुका सगळं न अडखळता लिहिलं. गावाकडे तिसरीत होती. ताट दिल्यावर तिने आधी भावाला भरवलं, चार घास स्वतः खाल्ले आणि उरलेली खिचडी एका डब्याच्या झाकणात काढून घेतली. विचारलं तर म्हणाली, "रातच्याला."

आमच्या एका गुरुजींनी तोडगा काढला. आपली चार-पाच पोरं रोज गैरहजर असतातच, त्यांची हजेरी लावू, तेवढ्यात ही जेवतील. मी साफ नाही म्हटलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण हजेरी फुगवणं ही लबाडी आहे, मग ती कुणासाठीही असो. शिवाय त्यात जेवलेल्या मुलाचं नाव कुठेच राहत नाही. कागदावर ते मूल नसतंच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भिंतीला टेकून उभं राहतं. तुमच्या समितीत कुणी हा मार्ग सुचवला तर तिथेच अडवा.

पंचायत समितीत पोषण आहाराचं काम बघणारे साहेब म्हणाले, "बाई, ही मुलं आपली नाहीत. पटावर नाव नाही तर ताट नाही. फारच वाटत असेल तर विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठवा, वरून सूट आली तर बघू." वरून काही येईपर्यंत कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि माळ रिकामा होतो, हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

"ही मुलं आपली नाहीत" हे वाक्य मला आजही सहन होत नाही. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो, आमच्या तालुक्याच्या शिवारातून नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याचं पाचवं कलम सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सुट्ट्या सोडून रोज एक वेळचं मोफत जेवण देतं. मूळ गाव कोणतं, जिल्हा कोणता, याचा त्यात शब्द नाही. राहिला पटाचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५), वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही (कलम १४) आणि प्रवेशाची मुदत उलटली म्हणूनही अडवता येत नाही (कलम १५). म्हणजे मुलं दाखल करून घ्यायची. दाखल केलं की पट आला, पट आला की ताट आलं. यात सूट कशातून मागायची?

म्हणून मी प्रस्ताव पाठवला नाही, पंचायत समितीला पत्र दिलं. सोबतच्या यादीतली मुलं कायद्यानुसार दाखल करून घेतली आहेत, अमुक तारखेपासून त्यांना आहार सुरू केला आहे, वाढीव तांदळाची मागणी जोडली आहे, हरकत असल्यास ती कोणत्या नियमानुसार आहे ते लेखी कळवावं. लेखी काहीही आलं नाही. तांदूळ मात्र आला. मधल्या दिवसांत काय करायचं, हे तुम्हाला कुणीतरी विचारणारच. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांत त्याचीही सोय आहे. धान्य किंवा पैसे तात्पुरते संपले तर मुख्याध्यापकांनी शाळेतला दुसरा निधी वापरायचा आणि नंतर तो भरून घ्यायचा. मी तसंच केलं आणि नोंद ठेवली.

खरी अडचण पुढे आली. मूळ गावची शाळा नाव सोडायला तयार नव्हती. नावं कमी झाली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवताना, तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्यामुळे तिथल्या गुरुजींची धास्ती खोटी नव्हती. आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावी शिकता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड अशाच मुलांसाठी आहे, मूळ शाळेकडून ते मागून घ्या. मी त्या मुख्याध्यापकांशी आधी फोनवर बोलले, मग पत्र पाठवलं: नाव राहू द्या, पण या तारखेपासून या मुलांच्या आहाराची नोंद तुमच्याकडे करू नका. हे न चुकता करा. नाहीतर एकच मूल कागदावर दोन जिल्ह्यांत जेवतं आणि ज्यांना नाही म्हणायचंच आहे त्यांच्या हाती कोलीत मिळतं.

कडेवरच्या भावाचं काय? सहा वर्षांखालची मुलं अंगणवाडीची. सेविकाबाईंना यादी द्या आणि माझ्या गावची नाहीत असं म्हणू देऊ नका. वस्ती मोठी असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश काढा. सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची आहे.

खरोखर वरून परवानगी लागते अशाही गोष्टी आहेत. उन्हाळी सुट्टीत आहार द्यायचा असेल तर कायद्यातलं "सुट्ट्या सोडून" आडवं येतं. पण दुष्काळ जाहीर झालेल्या भागात सुट्टीतही आहार द्यावा, असं न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आणि २०१६ च्या दुष्काळात पुन्हा बजावलं. तिथे अर्ज जरूर करा आणि दुष्काळ जाहीर झाल्याचा आदेश जोडा. प्रमाण कमी करायची सूट मात्र कधीच मागू नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी ही आधीच कमीत कमी आहे.

आणि हे सगळं किती पैशांसाठी? मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे धान्य सोडून शिजवण्याचा खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे. २५ मुलं वाढली तरी दिवसाचे १७० रुपये होत नाहीत. त्या साहेबांनी हा हिशेब एकदा जरी केला असता, तरी त्या मुलीला भिंतीबाहेर उभं ठेवायची भाषा त्यांच्या तोंडून निघाली नसती. ते निवृत्त झाले, मीही झाले, पण भेटले तर आजही हेच सांगेन.

खासगी विनाअनुदानित शाळांना हा आहार लागू होत नाही, पण तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. तुमच्या जिल्ह्यात मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आहार येत असेल तर वाढीव मागणी आदल्या दिवशीच कळवावी लागेल. पोषण आहाराच्या ॲपवर या मुलांची नोंद न होणं ही तांत्रिक अडचण आहे, ती केंद्रप्रमुखांकडून सोडवून घ्या, त्यासाठी ताट थांबवू नका. मुलं किती आहेत आणि मुख्याध्यापक दाखल करून घ्यायला तयार आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते तयार नसतील तर समितीचा ठराव आहारासाठी नव्हे, आधी प्रवेशासाठी करा.