आई नाही, मग यंदा स्टार लावायचा का?

प्रश्न: टीचर, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्यांत एकच गुलाबी का असते? आणि ही पद्धत आली कुठून? – एक वाचक, मीरा रोड

उत्तर: गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. बाकी तीन जांभळ्या, कारण जांभळा रंग मन तयार करण्याचा, पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारी अर्धी वाट संपलेली असते, त्यादिवशी 'आनंद करा' असं वाचन असतं म्हणून रंग थोडा उजळतो. आणि ही पद्धत तशी फार जुनी नाही बरं का, 1839 साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विशेर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, तिथली पोरं रोज विचारायची नाताळला किती दिवस राहिले, मग त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल, रोज एक पेटवायची. मुलांना वाट बघणं डोळ्यांनी दिसायला लागलं. आपल्या चार मेणबत्त्या म्हणजे त्यातल्या रविवारच्याच.

प्रश्न: टीचर, ऑगस्टमध्ये माझी आई गेली. डिसेंबर लागला की घरात तिचीच धावपळ असायची. आत्या म्हणते वर्ष होईपर्यंत दारात स्टार नाही, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा नाही, गोडधोड नाही. मुलगी सात वर्षांची आहे, ती रोज विचारते गोठा कधी करायचा. मला तर चर्चमधली गाण्यांची प्रॅक्टिस ऐकली तरी रडू येतं, सगळे आनंदात आणि मी एकटीच अशी. यंदा नाताळ केलाच नाही तर चालेल का, पाप तर नाही ना? – एक वाचक, वसई

उत्तर: ताई, पाप अजिबात नाही, हे आधी सांगते. आत्यांचंही मन मोडू नका, वर्षभर सण न करणं ही आपल्या भागातली जुनी रीत आहे, आजूबाजूच्या हिंदू घरांतही आहे, त्यात गेलेल्या माणसाचा मान असतो. पण ती रीत आहे, ख्रिस्तसभेचा नियम नाही.

मला खरं बोलायचंय ते तुमच्या 'सगळे आनंदात आणि मी एकटीच' यावर. आठवून बघा, 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्ही आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या असतील, अख्खा नोव्हेंबर मृतांसाठी प्रार्थना केली, आणि त्याला लागूनच आगमनकाळ सुरू होतो. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान ऐकलंत का नीट? त्यात बेथलेहेम नाही, मेंढपाळ नाहीत, बाळ पण नाही. त्यात आहे 'जागे राहा, प्रभू परत येणार आहे'. 16 डिसेंबरपर्यंत हाच सूर जास्त असतो, मारिया आणि योसेफ यांची जन्माआधीची वाचनं 17 तारखेपासून लागतात. आपण 1 तारखेपासून खरेदीला लागतो म्हणून हे कानावरून जातं. आणि प्रभू परत येईल तेव्हाच मेलेले उठतील असं आपण दर रविवारी विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या प्रार्थनेत, म्हणतो ना, मग आईला पुन्हा भेटायची वाट बघणं आणि प्रभूची वाट बघणं ही एकच वाट झाली. तुम्ही आगमनकाळाच्या बाहेर नाही पडलात, उलट ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलंय त्यांनाच तो पहिल्यांदा कळतो असं मला मनापासून वाटतं. या चार रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीत हे आनंदाचं स्तोत्रही म्हणत नाहीत.

नाताळ झाल्यावरही चर्च रडणं लपवत नाही. 26 ला दगडमार करून मारलेल्या संत स्तेफनाचा सण, 28 ला हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा, आणि त्यादिवशी बायबलमधली आई राहेल आपल्या मुलांसाठी रडते, कुणाच्या समजावण्याने शांत होत नाही, हेच वाचलं जातं. बाळ येशूची गव्हाणी मांडलेलीच असते तेव्हा. रडू आलं तर चर्चमध्येच रडा, तिथून उठून जाऊ नका.

आता घरचं. गोठा करा, मुलीसाठी करा आणि तुमच्यासाठीही. दहाएक दिवस आधी ताटलीत माती घेऊन गहू पेरा, पाणी घालायचं काम तिला द्या, कोंब वर आले की ती रोज बोट लावून बघेल. गव्हाणी मात्र 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. बाळ कुठंय विचारलं तर सांगा यायचंय अजून. आजी कुठंय विचारेल तेव्हा घाई करून काही बोलू नका, तिला जवळ घ्या. माझे वडील गेले त्या वर्षी आम्ही स्टार दारात नाही लावला, आतमध्ये आल्ताराजवळ, म्हणजे घरातल्या देवघराजवळ, लावला, बाहेरून दिसत नव्हता पण रात्री घरात उजेड होता. आत्यांना विचारून बघा, मला वाटतं नाही म्हणणार नाहीत.

फराळ भरपूर नको, वाटायला तर नकोच. पण आई कुलकुल, ते तळलेले गोड शिंपले, करायची ना? मग एक वाटी मैद्याचे करा. तिचा तो जुना काटा शोधा, छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून अंगठ्याने गुंडाळायची, रेघा उमटतात, मुलगी लगेच शिकेल. पहिले वाकडे होतील, होऊ द्या. नारळाचं दूध थोडं थोडं घाला, एकदम ओतलं की पीठ सैल होतं.