कर्ज कुणाकडून घ्यायचं आणि मेडिक्लेम बंद करायचा का? सोलापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की कडक भाकरीच्या घरगुती धंद्यासाठी 80,000चं मशीन घ्यायचंय, बँकेने रिटर्न आणि घराचा उतारा आणा म्हणून परत पाठवलं, घर सासऱ्यांच्या नावावर, मिस्टरांचा यंत्रमागावरचा पगार दर आठवड्याला रोख हातात, आणि मायक्रोफायनान्सवाल्या (बायकांच्या गटाला छोटी कर्जं देणारी कंपनी) मॅडम मात्र साडेतेरा टक्क्यांनी दोन दिवसांत द्यायला तयार. मिस्टर म्हणतात, सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवू. वर हप्ता बसावा म्हणून 14,000 प्रीमियमचा मेडिक्लेम सोडू का असंही विचारलंय.

आधी मॅडमचे साडेतेरा टक्के बघू. तुम्ही हप्ता लिहिलाय 4,230, चोवीस महिने, म्हणजे एकूण 1,01,520 भरणार. हा फ्लॅट रेट आहे, अर्धं कर्ज फेडलं तरी व्याज पूर्ण 80,000 वरच लागत राहतं, आणि बँकेच्या हिशोबाने, म्हणजे उरलेल्या कर्जावरच व्याज धरलं तर, तो 24 टक्के होतो! त्यात विम्याचे 1,900 आधीच कापणार, तो विमा मुख्यतः त्यांच्या कर्जाची सोय, घरच्यांना त्यातून फारसं काही येत नाही. त्यांना की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या सगळ्या अटी आणि खर्च लिहिलेला कागद) मागा, खरा रेट त्यात लिहावाच लागतो.

बँकवाल्यांना तुमच्याबद्दल शंका आहे असं नाही हो, तुमच्या घरात येणारा पैसा कुठे दिसतच नाही. सगळं रोखीत, उतारा सासऱ्यांचा, तुमच्या नावावर काय तर बचत गटाचं पासबुक. मायक्रोफायनान्सला हे कागद लागत नाहीत कारण सोबत कर्ज घेणाऱ्या गटातल्या बाकीच्या बायकाच जामीन, आणि वसुलीला माणूस दारात पाठवायचा खर्च ते व्याजातूनच काढतात.

माझं मत, मिस्टर म्हणतात तसं पाटल्या ठेवा. पण सराफाकडे नाही, बँकेतच. 10 टक्क्यांच्या आसपास मिळालं आणि दोन वर्षांत हप्त्याने फेडलं तर व्याज साडेआठ हजारांच्या घरात, मॅडमकडे साडेएकवीस हजार. शिवाय बँकेचं सोनेतारण सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था, बँका तीच बघतात) दिसतं, सराफाचं कितीही वेळेत फेडा कुणाला कळत नाही. सोबत उद्यमची (छोट्या धंद्यांची सरकारी) नोंदणी करून घ्या, फुकट आहे, आणि दुकानदारांकडचे पैसे यूपीआयने तुमच्याच खात्यात घ्या, मिस्टरांच्या नको. वर्षभराने त्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन बँकेत मुद्रा कर्जाला (छोट्या धंद्यांसाठीची सरकारी योजना) जा, त्यातल्या किशोर गटात 50,000च्या वर 5 लाखांपर्यंत मिळतं आणि तारण लागत नाही, तेव्हा उतारा मागितला तर सरळ विचारा कशाला म्हणून.

पाटल्या द्यायला जीव होत नसेल (सासूबाईंच्या असतील तर समजू शकते) तर मायक्रोफायनान्सच घ्या, पण 50,000चंच, बाकी बचत गटातून. त्यांना आधी फेडलं तर दंड लावता येत नाही, दिवाळीच्या सीझनला जमेल तेवढं भरून टाका.

मेडिक्लेम मात्र अजिबात सोडू नका. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत 5 लाखांचं कव्हर आहे हे खरं, पण ते ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्याच हॉस्पिटलला. सासूबाईंना शुगर आहे, पॉलिसी तुटली की नवीन घेताना तीन वर्षांपर्यंत जुन्या आजाराला क्लेम नाही, आणि त्या काळात ॲडमिट व्हायची वेळ आली तर परत त्याच मॅडमकडे जावं लागेल. मिस्टरांचं वय 50च्या आत असेल तर त्यांच्या नावाने जीवन ज्योती हा सरकारी आयुर्विमाही घ्या, वर्षाला 436, त्यांचं काही बरंवाईट झालं तर नॉमिनी म्हणून त्याचे 2 लाख थेट तुमच्या हातात येतात.

प्रीमियमची तारीख लिहिली नाहीत. वार्षिक असेल तर 30 दिवसांचा ग्रेस मिळतो, पण त्या दिवसांत हॉस्पिटल लागलं तर क्लेम बसत नाही, म्हणून तारखेच्या आधीच भरा.