परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या मालावरचा टॅक्स: कुरिअरवाला मागतोय ते बरोबर आहे का, आणि त्यातलं परत काय मिळतं

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. सांगलीत घरून रेझिनच्या आणि लाकडी नेमप्लेट करताय, चीनमधून ५० हजारांचे सिलिकॉनचे साचे आणि रंगाची पावडर कुरिअरने मागवलीत, विक्रेत्याने नो एक्स्ट्रा टॅक्स म्हणून सांगितलं होतं आणि आता कुरिअर कंपनी केवायसी मागतेय, वर ड्युटीचा आकडा सांगतेय. डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या बिलावर पण १८ टक्के लागतात. पुढे लेझर मशिन घ्यायचंय आणि जीएसटी नंबर अजून नाही. मी भोसरीत छोटं युनिट चालवतो, चीन आणि तैवानहून पार्ट मागवणं हे माझं नेहमीचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हे डोक्यातून काढा की कुरिअरवाला लुबाडतोय. टॅक्स खरा आहे. विक्रेता नो टॅक्स म्हणतो ते त्याच्या देशापुरतं, इथल्या कस्टम्सशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुमचा ऑस्ट्रेलियातला मावसभाऊ म्हणतो की त्याच्याकडे साइटवरच टॅक्स कापतात, ते त्याच्या जागी बरोबर आहे, तिथे १ जुलै २०१८ पासून हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर मोठ्या साइट्स स्वतःच १० टक्के जीएसटी घेऊन सरकारला भरतात. आपल्याकडे मालाच्या बाबतीत तसं नाही, माल कस्टम्समधून सुटताना टॅक्स भरायचा आणि तो आयात करणाऱ्याने म्हणजे तुम्ही भरायचा. आणि इतक्या रकमेखाली माफ अशी सोय धंद्यासाठी मागवलेल्या मालाला आपल्याकडे नाही, दोन हजारांचं पार्सल असलं तरी हिशोब तोच.

आता तो आकडा येतो कुठून ते बघा. लोक इथेच गोंधळतात कारण ५० हजारांवर टक्के लावून बघतात आणि जुळत नाही. कस्टम्स मालाच्या किमतीत भाडं आणि विमा मिळवतं. समजा कुरिअरचं भाडं १२ हजार झालं, तर विमानाने आलेल्या मालाला भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणजे १० हजारच धरतील. विमा वेगळा दाखवला नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ५६३ रुपये. झाले ६०,५६३. यावर बेसिक ड्युटी, वस्तूच्या एचएसएन कोडप्रमाणे (प्रत्येक प्रकारच्या मालाला ठरलेला नंबर), समजा १० टक्के, म्हणजे ६,०५६. त्या ड्युटीवर (मालावर नाही) १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ६०६. बेरीज ६७,२२५ आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, १८ टक्के, १२,१०० रुपये. एकूण १८,७६२. डॉलरचा भाव गुगलवर दिसतो तो नाही, कस्टम्स स्वतःचा दर जाहीर करतं तो धरतात, म्हणून थोडा फरक पडतोच. तुमच्या मालाचा खरा दर एचएसएनवर ठरेल, तो कोड विक्रेत्याच्या भरवशावर सोडू नका, सीएला विचारून स्वतः कुरिअरला कळवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ चे टप्पे गेले, तेव्हा आयजीएसटीचे दरही बदललेत, जुन्या व्हिडिओतले तक्ते बघून हिशोब करू नका.

या १८,७६२ मधले बेसिक ड्युटी आणि सरचार्ज मिळून ६,६६२ गेले, ते परत येत नाहीत, मालाच्या खर्चात धरायचे. पण १२,१०० चा आयजीएसटी हा जीएसटी नंबर असलेल्या माणसाला क्रेडिट म्हणून मिळतो, त्याच्या विक्रीवरच्या टॅक्समधून वजा होतो. मिळतो तो कशाच्या जोरावर, तर बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे माल सोडवताना कस्टम्सकडे भरतात त्या कागदाच्या. विक्रेत्याच्या इनव्हॉइसवर मिळत नाही, कुरिअरच्या बिलात ड्युटीची ओळ असते तिच्यावरही मिळत नाही. कुरिअरने जी बिल ऑफ एंट्री भरली त्यावर तुमचं नाव आणि तुमचा जीएसटी नंबर असला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. टॅक्स सगळेच भरतात, पण कागद कोणाच्या नावावर निघाला ते माल निघायच्या आधी ठरवावं लागतं, पार्सल एअरपोर्टवर येऊन पडलं की घाईत लोक आधार कार्ड पाठवून मोकळे होतात आणि पार्सल वैयक्तिक वापराचं म्हणून सुटतं. वैयक्तिक वापराच्या मालाला ड्युटीचं वेगळं हेडिंग आहे, दर वेगळा, आणि क्रेडिट शून्य. नंतर बिल ऑफ एंट्री दुरुस्त करायची तरतूद आहे कायद्यात पण १२ हजारांसाठी कस्टम्सच्या मागे लागणं कुठल्याही छोट्या धंद्याला परवडत नाही.

अजून एक, धंद्यासाठी आयात करायची तर आयईसी लागतो, इम्पोर्ट एक्सपोर्ट कोड. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या) साइटवर ५०० रुपये भरून ऑनलाइन निघतो, आता तो नंबर म्हणजे तुमचा पॅनच असतो. काढून विसरायचा नाही, दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये साइटवर जाऊन अपडेट करायचा, काही बदल नसला तरी, नाहीतर तो बंद करून ठेवतात आणि हे नेमकं पार्सल अडकल्यावर कळतं. तुमचा आयईसी नसेल तर आजच अर्ज करा आणि कुरिअरला लेखी कळवा की माल कमर्शियल आहे, आयईसी येतोय, वैयक्तिक म्हणून क्लिअर करू नका. थांबल्याचे पैसे लागू शकतात, ते आधी विचारून घ्या.

विक्रेता तुम्हाला म्हणाला ना की गिफ्ट लिहितो, किंमत २० डॉलर दाखवतो, त्याला स्पष्ट नाही सांगा. गिफ्ट म्हणून माल सोडवणं १२ डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. आणि किंमत कमी दाखवली तर माल जप्त होऊ शकतो, दंड वेगळा, आणि बँकेतून ५० हजार गेलेत आणि कागदावर २० डॉलर आहेत हे पुढे कुठेतरी निघतंच. शिवाय साधा हिशोब बघा, नंबर असलेल्या माणसाला आयजीएसटी परत मिळतोच, म्हणजे खोटं बोलून वाचतो तो फक्त ड्युटीचा भाग. त्यासाठी धंद्याचं नाव खराब करू नये.

आता तुमच्या या पार्सलचं. नंबर नाही त्यामुळे सध्या पूर्ण १८ हजार तुमचा खर्च. भरा, पण बिल ऑफ एंट्रीची पीडीएफ मागून घ्या, मागितल्याशिवाय बरेचदा येत नाही. कारण जीएसटी नंबर घेतलात की त्याच्या आदल्या दिवशी हातात असलेल्या कच्च्या मालावरचं आणि अर्धवट किंवा तयार मालात गेलेल्या कच्च्या मालावरचं क्रेडिट घेता येतं, आयटीसी-०१ नावाचा फॉर्म ३० दिवसांत भरायचा, कागद एक वर्षापेक्षा जुना नको. म्हणजे पावडर उरलेली असेल तर तिच्यावरचं मिळेल. साचे पुन्हा पुन्हा वापरायचे असतात म्हणून ते कच्च्या मालात धरायचे की भांडवली वस्तूत हे सीएशी बोलून ठरवा.

आणि इथेच तुमच्या मशिनचा प्रश्न सुटतो. ही सोय फक्त स्टॉकला आहे, मशिनला नाही. नंबर नसताना मशिन घेतलं आणि महिन्याभराने नंबर घेतला तर मशिनवरचा आयजीएसटी गेला तो गेलाच. दीड लाखाच्या मशिनवर १० टक्के ड्युटी धरली तर हा आयजीएसटी ३० हजारांच्या आसपास जातो. तेव्हा नंबर घ्यायचाच असेल तर मशिनच्या आधी घ्या.

घ्यायचा का हे मात्र फक्त ३० हजारांवर ठरवू नका. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नंबर लागत नाही. पण तुम्ही इन्स्टावरून बेळगावला, बंगळूरला नेमप्लेट पाठवता असं लिहिलंय, राज्याबाहेर माल विकला की ती मर्यादा धरता येत नाही, हाताने केलेल्या काही ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे पण लेझरने कोरलेली नेमप्लेट त्यात बसते का हे सीएकडून लेखी घ्या. दुसरी बाजू अशी की तुमचं गिऱ्हाईक घरगुती आहे, त्याला क्रेडिटचा उपयोग नाही, त्यामुळे तुम्ही टॅक्स लावला की त्याला किंमत वाढलेलीच दिसणार, आणि रिटर्न भरायचं काम कायमचं मागे लागतं. सोसायट्या, बिल्डर, ऑफिस अशी ऑर्डर घ्यायची तुमची इच्छा असेल तर नंबर नसलेल्या माणसाकडून ते घेत नाहीत, तेव्हा मी म्हणेन घ्या. कंपोझिशन स्कीम (छोट्या धंद्याने उलाढालीवर ठराविक कमी टक्के भरायची सोय) स्वस्त वाटेल पण त्यात क्रेडिट अजिबात नाही, आयात करणाऱ्याने तिकडे जाताना दहा वेळा विचार करावा.

सॉफ्टवेअरच्या १८ टक्क्यांचं वेगळं आहे. तिथे कस्टम्स नाही, सेवा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा की अशा ऑनलाइन सेवा देणारी परदेशी कंपनी नंबर नसलेल्या कोणालाही, मग तो धंद्यासाठी घेत असला तरी, स्वतः आयजीएसटी लावते आणि इथे भरते. बिलावर कंपनीचा नंबर ९९ ने सुरू होत असेल तर हा तोच प्रकार. त्याचं क्रेडिट नाही. नंबर आल्यावर त्या अकाउंटमध्ये तुमचा जीएसटी नंबर टाका, मग ते टॅक्स लावणं बंद करतील आणि तो तुम्ही रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) भरायचा, ३बी या जीएसटी रिटर्नमध्ये, आणि रोखीने म्हणजे बँकेतून पोर्टलवर पैसे भरतो त्या कॅश लेजरमधूनच, क्रेडिट शिल्लक असलं तरी त्यातून नाही. भरला की त्याच महिन्यात क्रेडिट घेता येतं, त्यामुळे खिशातून शेवटी काही जात नाही, पण ही नोंद बरेच जण करत नाहीत आणि मग नोटीस येते. नंबर ९९ ऐवजी २७ किंवा ०६ वगैरे राज्याच्या कोडने सुरू होत असेल तर बिल भारतातल्या कंपनीचं आहे, गुगलच्या जाहिरातींचं बिल असं येतं, ते साधं देशी बिल, आपला नंबर त्यावर आहे का एवढं बघायचं.

यात एक खड्डा आहे तो सांगतो. परदेशातल्या माणसाकडून डिझाईन करून घेतलंत, फ्रीलान्सरला डॉलरमध्ये पैसे दिलेत, तर ती सॉफ्टवेअरसारखी आपोआप मिळणारी सेवा नाही, माणसाने केलेलं काम आहे, त्यावर रिव्हर्स चार्ज तुमच्यावर येतो आणि रिव्हर्स चार्ज भरावा लागणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नंबर घेणं सक्तीचं आहे. मालाच्या आयातीला हे लागू नाही, तिथे आयजीएसटी कस्टम्समध्ये भरून विषय संपतो, नुसती आयात केली म्हणून नंबर सक्तीचा होत नाही. तुम्ही तो लोगो परदेशी आर्टिस्टकडून करून घेणार होता ना, तो इथल्या कोणाकडून करून घ्या, निदान नंबर येईपर्यंत.

नंबर आल्यावर कुरिअरने आलेल्या मालाचा आयजीएसटी जीएसटी पोर्टलवर २बी मध्ये (मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी) बरेचदा दिसत नाही, न्हावाशेवा किंवा सहारच्या कार्गोने नेहमीच्या पद्धतीने आलेला दिसतो. अकाउंटंट म्हणेल २बी मध्ये नाही म्हणजे क्रेडिट नाही, त्याला बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती दाखवा, त्या आधारावर ३बी मधल्या ४ए च्या पहिल्या ओळीत घेता येतं. कुरिअर कंपनी स्वतःची हँडलिंग फी लावते त्याचं वेगळं टॅक्स इनव्हॉइस असतं, त्याचं क्रेडिट वेगळं, तेही सोडू नका.

मशिनच्या विक्रेत्याला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर (माल पाठवायच्या आधीचं कच्चं बिल) धंद्याचं नाव, पत्ता आणि आयईसी व जीएसटी दोन्ही नंबर लिहून मागा, आयईसीवर आहे अगदी तसंच स्पेलिंग. पैसे धंद्याच्या खात्यातून पाठवा, घरातल्या कोणाच्या कार्डवरून नको. लेझर मशिन वजनाला जड, कुरिअरने आणण्यापेक्षा समुद्रमार्गे एलसीएलने (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून) स्वस्त दिसेल पण न्हावाशेवाला डीओ (माल सोडायचा आदेश), सीएफएस (कंटेनर उतरवायचं गोदाम) आणि सीएचए (कस्टम्स एजंट) यांचे चार्जेस मिळून छोट्या मालाला बरेचदा भाड्यापेक्षा जास्त होतात, तेव्हा दोन्हीकडून घरपोच भावाचं कोटेशन घ्या आणि एचएसएनसकट इथे टाका, मी बघून सांगतो.