आधी गुडघ्याची तारीख काढा

ताई,
आम्ही डोंबिवलीला राहतो. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, सासू-सासरे त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्यावर. लिफ्ट नाही. मी आणि नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतो, रात्री आठला घरी येतो. अडीच वर्षांचा मुलगा दिवसभर आईंकडे असतो. पाळणाघर नको, घरचं माणूस बरं, हे आधीच ठरलं होतं. पण आता माझी रोज चिडचिड होते. कितीही सांगितलं तरी आई त्याला चहात बुडवून बिस्किटं देतात. जेवताना टीव्ही लागतोच. संध्याकाळी खाली खेळायला न्या म्हटलं की ‘आज नको’. डोळ्यांत काजळ घालतात. मी त्याच्या जेवणाखेळाचं वेळापत्रक छापून त्यांच्या फ्रिजवर लावलं, डॉक्टरांचे व्हिडिओ पाठवले, उपयोग शून्य. (त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षीच सांगितलंय, बाळ लहान म्हणून पुढे ढकललंय, त्यामुळे हल्ली त्या चिडक्याही झाल्यात.) नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. सासरे देवमाणूस, सकाळी फेरफटका, मग वाचनालय, कशात पडत नाहीत. आम्ही जरा लांब, ठाण्याला वगैरे घर घ्यावं का?
एक त्रासलेली आई

बाई गं, ठाण्याचं घर जरा बाजूला ठेव. पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात टाकलीस, आणि तीही सासूबाई चिडक्या का झाल्या एवढं सांगण्यापुरती.

गुडघा बदलायला कोणी पहिल्या दुखण्याला सांगत नाही. गोळ्या होतात, व्यायाम होतात, पट्टा होतो, कधी इंजेक्शनंही होतात. कूर्चा झिजून हाडावर हाड घासायला लागलं आणि रात्रीची झोपही लागेना, की मग डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढतात. तसं नाव काढून वर्ष झालं. त्या गुडघ्यांवर ही बाई लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर रोज बारा तास अडीच वर्षांच्या मुलामागे आहे. या वयाचा मुलगा साधारण १३ किलोचा असतो. जिना चढता-उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. त्यात कडेवर हे १३ किलो.

आता तुझी तक्रारींची यादी घे आणि त्या गुडघ्यांनी वाच.

टीव्ही का लागतो? टीव्ही लावला की पोर एका जागी बसतं. घास हातात घेऊन त्याच्यामागे घरभर फिरायला पाय लागतात. बिस्किटं का? ओट्याशी उभं राहून नाचणीची खीर ढवळायची तर दहा-पंधरा मिनिटं जातात, डबा बसल्या जागी हाताला लागतो. खाली का नेत नाहीत? चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त ओरडतो, आणि खेळून दमलेला नातू वर येताना ‘आजी, उचल’ म्हणणार हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून ‘आज नको’. ‘मला जमत नाही’ असं त्या म्हणत नाहीत, कारण तसं म्हटलं तर सगळ्या घराचं गणित कोसळेल. घरचं माणूस बरं, हे तुम्ही ठरवलंत. ठरवताना त्या घरच्या माणसाला विचारलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

तुला काही कळत नाही असं मी म्हणत नाही. चहाबद्दल तुझंच खरं, त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. टीव्हीबद्दलही खरं: दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, तीही जितकी कमी तितकी बरी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. काजळाचा गुडघ्याशी काही संबंध नाही, ते बंदच व्हायला हवं, काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. पण हे सगळं वाचलेल्या मुलीला ‘संध्याकाळी खाली खेळ’ हे टाइप करताना मधले जिने दिसले नाहीत, याचा मला राग येतो. आणि ते वेळापत्रक लावलंस कुठे, तर त्यांच्याच फ्रिजवर! साठी ओलांडलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात तिच्या कामाचा तक्ता. पगारी बाई असती तर तू तिला आठवड्याची सुट्टी तरी दिली असतीस.

सासूबाई काही संत नाहीत, हट्टी असतील, टोमणेही मारत असतील. त्याने माझं मत बदलत नाही.

आता देवमाणूस. आपल्याकडे कशात न पडणाऱ्या पुरुषाला हे पद फार स्वस्तात मिळतं. रोज सकाळी फेरफटका म्हणजे पाय शाबूत आहेत. नातवाला संध्याकाळी खाली नेण्याचं काम त्यांच्या नावावर का नाही? तू त्यांना एकदाही सांगितलेलं दिसत नाहीस. व्हिडिओसुद्धा फक्त आईंनाच जातात. आणि तुझा नवरा, ज्याच्या आईचा हा गुडघा आहे, तो म्हणतो तू फार विचार करतेस. त्याने थोडा केला असता तर तुझ्यावर एवढा आला नसता.

ठाण्याला गेलात तर काय होईल? मुलगा पाळणाघरात जाईल, दुसरं काय होणार? मग तो डोंबिवलीतच जाऊ दे. तेवढ्यासाठी वीस वर्षांचं कर्ज नको.

तर करायचं ते एकच. या शनिवारी तू आणि नवरा आईंना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचं आणि ऑपरेशनची तारीख घेऊनच घरी यायचं. त्यांना विचारत बसू नकोस. विचारलंस तर उत्तर ठरलेलं आहे: ‘बघू गं, तो शाळेत जायला लागला की.’ शाळेत गेला की शाळेतून आणायला कोण? तोवर तुम्हाला दुसरं होईल. तेव्हा प्रश्न नको, अपॉइंटमेंट घेतलीय एवढंच सांग, आणि ते नवऱ्याच्या तोंडून जाऊ दे. सुनेने ऑपरेशनला ‘पाठवलं’ हे ऐकून घ्यायची तुला गरज नाही. शरीर त्यांचं आहे, शेवटचा शब्दही त्यांचाच. पण आज त्या नको म्हणतात त्या नातवासाठी, आणि तो अडसर काढणं तुमच्या हातात आहे.

थांबून काही वाचत नाही. दुखतं म्हणून हालचाल कमी होते, मांडीचे स्नायू गळतात, पाय वाकडा होत जातो, आणि मग ऑपरेशननंतर उभं राहणं जास्त जड जातं. तोवर दुखण्याच्या गोळ्या चालूच, त्या बीपीला आणि किडनीला काय करतात ते डॉक्टरांनाच विचार.

मुलाचं पाळणाघर मात्र ऑपरेशनच्या आठवड्यात सुरू करू नका. आत्तापासून रोज दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. पहिले काही दिवस रडेल, रडू दे. डोंबिवलीत घरगुती पाळणाघरं गल्लोगल्ली आहेत, बिल्डिंगमधल्या बायकांना विचार, त्यांना कुठलं चांगलं ते चोख माहीत असतं. ऑफिसमध्येही चौकशी कर. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. सकाळच्या लोकलमध्ये अडीच वर्षांचं पोर घेऊन चढ असं मी वैऱ्यालाही सांगणार नाही, पण काही कंपन्या घराजवळच्या पाळणाघराची फी देतात.

ऑपरेशननंतर तीन ते पाच दिवस हॉस्पिटल, एक-दोन दिवसांतच वॉकर धरून चालवतात, मग घरी फिजिओथेरपी. दीड-दोन महिने जपून, जिन्यावर बिनधास्त व्हायला तीनेक महिने. या काळात तिसरा मजला बंद. त्या तुझ्याकडे राहतील, पहिल्या मजल्यावर. हो, तू अंतर मागितलंस आणि मी त्यांना तुझ्याच बेडरूममध्ये आणून ठेवतेय. तुम्ही तिघं तेवढे दिवस वर झोपा. घरात कमोड नसेल तर खुर्चीचा आणून ठेवा, खाली बसणं, मांडी घालणं आता विसरायचं. पहिले पंधरा दिवस सुट्टी नवऱ्याने काढायची. तू काढू नकोस, घराला सवय लागते.

आणि त्या बऱ्या झाल्या की पुन्हा बारा तासांची ड्युटी लावायची नाही. संध्याकाळी नातू तास-दोन तास आजीकडे, तेही तिला हवा असेल तर. तेवढ्या वेळात एखादं बिस्किट गेलं पोटात तर जाऊ दे.

शनिवारी जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या, साखर-बीपीचे रिपोर्ट आणि मेडिक्लेमची कागदपत्रं बरोबर घे. फाइल शोधायचं काम सासऱ्यांना सांग. दुपारी वाचनालय बंद असतं.