22 सप्टेंबरच्या रात्रीचा जन्म: कन्या की तूळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्म 22 सप्टेंबर 2000, भारतात, रात्री दहा ते अकराच्या दरम्यान. एक ॲप कन्या दाखवतं, दुसरं तूळ. तिसरं म्हणतं, तुम्ही 'कस्प'वर, म्हणजे दोन राशींच्या सीमेवर जन्मलात, म्हणून तुमच्यात दोन्ही राशी मिसळल्या आहेत. वर्णनं वाचली की दोन्ही पटतात. मग खरी रास कोणती?

मी अनेक वर्षं पत्रिका मांडते, आणि कस्पचा हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. ॲप दाखवतात ती सूर्यरास, म्हणजे जन्मावेळी सूर्य ज्या राशीत असतो ती. मिश्र रास असा प्रकार गणितात नाही. राशिचक्राचे 360 अंश, त्याचे 30-30 अंशांचे बारा भाग, आणि सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो. कन्येचा तिसावा अंश संपला की त्याच क्षणी तूळ सुरू. काही जण म्हणतात, सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असतं, ते रेषा ओलांडायला बारा-तेरा तास घेतं, मग तेवढा काळ तरी मिश्र धरा. पण ग्रहांची कोष्टकं बिंबाच्या केंद्रावरून मोजलेली असतात आणि केंद्र एका वेळी एकाच राशीत असतं. चार-पाच दिवसांचा कस्प तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. तेवढ्या दिवसांत सूर्य राशीच्या आत चांगला पुढे गेलेला असतो.

तुमच्या जन्मदिवशी सूर्याने ही रेषा भारतीय वेळेनुसार रात्री 10 वाजून 57 मिनिटांनी ओलांडली. खगोलशास्त्रात हाच शरद संपाताचा क्षण, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो तो. म्हणजे पावणेअकराला जन्म असेल तर सूर्य कन्येत, अकराला असेल तर तुळेत. ॲप एकमेकांशी भांडतात त्याचं कारण साधं आहे: काही ॲप फक्त तारीख बघतात आणि ठरावीक तक्ता लावतात. तो तक्ता दरवर्षी खरा असूच शकत नाही. वर्ष 365 दिवस आणि जवळपास पावणेसहा तासांचं असल्यामुळे हा क्षण दरवर्षी तेवढा पुढे सरकतो आणि लीप वर्षात मागे येतो. 2001 मध्ये तो 23 सप्टेंबरला पहाटे साडेचारच्या सुमारास आला, 2003 मध्ये 23 तारखेला दुपारी सव्वाचारच्या आसपास, आणि 2004 मध्ये परत 22 तारखेला रात्री दहाला. 22 सप्टेंबरला रात्री साडेदहाला जन्मलेलं मूल 2003 मध्ये कन्येचं ठरतं आणि 2004 मध्ये तुळेचं.

पण हे सगळं सायन पद्धतीचं झालं, म्हणजे पाश्चात्त्य ज्योतिषाचं. तुमची घरची पत्रिका निरयन पद्धतीने केलेली असणार, आणि तिच्यात सूर्याचा हा वाद उरतच नाही. सायन राशी वसंत संपातापासून, म्हणजे वसंतात सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून मोजतात, निरयन राशी ताऱ्यांच्या संदर्भाने. संपातबिंदू दरवर्षी सुमारे 50 विकला (60 विकलांची एक कला, 60 कलांचा एक अंश) मागे सरकतो, साधारण 72 वर्षांत एक अंश. हा साठत गेलेला फरक म्हणजे अयनांश. 2000 साली प्रचलित लाहिरी अयनांश 23 अंश 51 कलांच्या आसपास होता. सायन कन्या संपते 180 अंशांवर; त्यातून तो वजा केला की तुमचा सूर्य कन्येच्या सहा अंशांवर येतो. तो कन्येत शिरून सहा दिवस झाले होते. निरयन पत्रिकेत तुमचा सूर्य कस्पच्या जवळपासही नाही.

मग दोन्ही वर्णनं का पटतात? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं ज्योतिषातलंच. बुध सूर्यापासून 28 अंशांपेक्षा लांब जात नाही आणि शुक्र सुमारे 47 अंशांपेक्षा. त्यामुळे सूर्य राशीच्या कडेला असला की यांपैकी एखादा तरी बहुतेक वेळा शेजारच्या राशीत सापडतो. त्या रात्री सायन गणिताने बुध आणि शुक्र दोघंही तुळेत होते. निरयन पत्रिकेत चित्र आणखी बोलकं आहे: सूर्य आणि बुध कन्येत, जी बुधाची स्वतःची आणि उच्चीची रास, आणि शुक्र तुळेत, म्हणजे स्वराशीत. परंपरेच्या भाषेत कन्येची बारीक नजर आणि तुळेची जुळवून घेण्याची वृत्ती, दोन्ही तुमच्या पत्रिकेत बळकट ग्रहांच्या रूपाने हजर आहेत. सूर्य रेषेवर उभा असल्याचा याच्याशी काही संबंध नाही.

दुसरं उत्तर मानसशास्त्राचं आहे, आणि पत्रिका बघणाऱ्या माणसाने ते लपवू नये असं माझं ठाम मत आहे. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं खास विश्लेषण म्हणून एक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. 'तुम्ही स्वतःशी कठोर वागता, पण तुमच्यात न वापरलेली क्षमता आहे' असं म्हटलं तर कोण नाही म्हणेल? कस्पच्या वर्णनात तर दोन राशींची वाक्यं एकत्र असतात. जे पटतं ते लक्षात राहतं, बाकीचं आपण सोडून देतो. म्हणून वर्णन पटलं यावरून रास ठरवू नका. ती वेळेवरून ठरते.

आता ज्या सीमेकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही तिच्याकडे येते. आपल्याकडे 'तुमची रास कोणती' असं विचारतात तेव्हा चंद्ररास अभिप्रेत असते. चंद्र दिवसाला 12 ते 15 अंश धावतो आणि सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे खरी गुंतागुंत तिथे होते. तुमच्या जन्माच्या रात्री चंद्र पृथ्वीच्या जवळच्या टप्प्यात होता, म्हणून वेगातही होता. लाहिरी अयनांशाने दहा-अकराच्या सुमारास तो मिथुनेच्या अगदी शेवटच्या अंशांत होता, पुनर्वसू नक्षत्राच्या चारपैकी तिसऱ्या चरणात. मध्यरात्रीनंतर दोनच्या आसपास तो कर्केत गेला. दहा ते अकरा ही वेळ बरोबर असेल तर या पद्धतीने तुमची रास मिथुन, यात शंका नको.

मात्र घरातली पत्रिका टिळक पंचांगावरून केली असेल तर कर्क लिहिलेली सापडेल. ते पंचांग रैवत पक्षाचं, म्हणजे रेवतीच्या ताऱ्यावरून मोजणारं, आणि त्याचा अयनांश चित्रा पक्षापेक्षा, म्हणजे वरच्या लाहिरीपेक्षा, जवळपास चार अंशांनी कमी. त्या हिशेबाने चंद्र तेव्हाच कर्केत शिरलेला होता. म्हणजे मिथुन आणि कर्क अशा दोन पत्रिका हातात आल्या तर ज्योतिषाने चूक केली असं लगेच समजू नका. आधी दोघांनी कोणतं पंचांग वापरलं ते विचारा.

यातही मला आवडणारी गोष्ट अशी की दोन्हीकडे नक्षत्र पुनर्वसूच येतं. या नक्षत्राचे पहिले तीन चरण मिथुनेत आहेत आणि चौथा कर्केत. 13 अंश 20 कलांचं नक्षत्र 30 अंशांच्या राशीत पूर्ण बसत नाही, म्हणून कृत्तिका, मृग, उत्तरा फाल्गुनी, चित्रा, विशाखा अशी काही नक्षत्रं दोन राशींत विभागली जातात. दोन राशींना खरोखर जोडणारं काही आपल्या शास्त्रात असेल तर ते हे. 'मी मिथुनेचा की कर्केचा' यापेक्षा 'मी पुनर्वसूचा' हे तुमच्या बाबतीत जास्त भरवशाचं उत्तर आहे. दशेत, म्हणजे आयुष्याचे जे कालखंड एकेका ग्रहाच्या नावे धरतात त्यांत, मात्र फरक पडतो. दोन्ही पद्धतींनी जन्माच्या वेळी गुरूचीच महादशा येते, पण तिची शिल्लक वर्षं बदलतात आणि पुढच्या सगळ्या महादशा साधारण पावणेपाच वर्षांनी पुढेमागे होतात.

राशीसंधीवरचा जन्म म्हणून कुणी घाबरवलं तर एवढं सांगा: ज्या संधींना गंडांत म्हणतात त्या तीनच आहेत. कर्क-सिंह, वृश्चिक-धनू आणि मीन-मेष. तिथे रास आणि नक्षत्र एकदम संपतात. मिथुन-कर्क त्यात येत नाही, कन्या-तूळही नाही. ग्रह राशीच्या टोकाला असला की दुबळा होतो असं काही ग्रंथ मानतात, पण त्यावरून माणसाचं आयुष्य अधांतरी आहे असं सांगणं मला पटत नाही आणि मी ते कुणालाही सांगत नाही.

शेवटी उरते जन्मवेळ. एका तासाची अनिश्चितता असेल तर सूर्य आणि चंद्रापेक्षा लग्नाचा, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचा, प्रश्न मोठा होतो, कारण पूर्व क्षितिजावर साधारण चार मिनिटांत एक अंश उगवतो आणि दोनेक तासांत लग्नरास बदलते. तासाभरात लग्न अर्ध्या राशीने सरकतं. जन्मदाखल्यावर बहुधा फक्त तारीख असते. प्रसूती जिथे झाली तिथला जुना केस पेपर, डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाच्या नोंदीचा कागद घरात शोधा. त्यावर वेळ मिनिटांसकट लिहिलेली असण्याची शक्यता जास्त. आईला आणि आजीला वेगवेगळं विचारा, एकत्र विचारलं की एकीचं उत्तर दुसरीला पटून जातं. वेळ मिळाली की जन्मगावासह खाली प्रतिक्रियेत लिहा, मी लग्नरास आणि नवमांश (राशीचे नऊ भाग करून मांडलेली पत्रिका) काढून देते. 10:57 च्या अलीकडची की पलीकडची हे कळलं की ॲपचा वादही तिथेच मिटेल.