वय 38, टोटल कोलेस्टेरॉल 236. तूप सोडू की गोळी सुरू करू?

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेवीस वर्षं टेक्निशियन आहे, त्यामुळे रोज लोकांचं रक्त बघतो आणि रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांचे चेहरेही. तुम्ही लिहिलंय की टोटल 236, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 180, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 38, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162, शुगर नॉर्मल. वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक आला होता. डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करा, घरचे म्हणतात आधी तूप बंद कर.

आधी त्या 236 वरून नजर काढा. टोटल ही चांगल्या-वाईटाची सरमिसळ आहे. माझ्या थोरल्या भावाचं टोटल 192 होतं. 200 च्या आत आहे म्हणून दादाने रिपोर्टची घडी घालून कपाटात टाकली. माळकरी, सडपातळ, रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा माणूस. त्याच कागदावर खाली एचडीएल 31 आणि ट्रायग्लिसराइड 210 होतं. टोटलमधून एचडीएल वजा केलं की राहतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. दादाचं ते 161 होतं. वर्षाच्या आत अँजिओप्लास्टी झाली, वय 47. (तंबाखूही मळायचा, हे लपवून उपयोग नाही.) एलडीएल फार चढलेलं नाही, पण एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, असे रिपोर्ट आमच्याकडे ढिगाने येतात. तुमचं नॉन-एचडीएल 198 आहे.

तुमचं एलडीएल बहुधा यंत्राने मोजलेलं नाही, गणिताने काढलेलं आहे. 236 मधून 38 गेले, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा 36 गेला, उरले 162. हे 1972 सालचं फ्रीडवाल्ड सूत्र. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर ते चालत नाही. लग्नाचं जेवण जेवून दुसऱ्या दिवशी कुणी रक्त द्यायला येतो, सेंट्रिफ्यूजमधून (रक्त गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) नळी काढली की कधी कधी सीरम, म्हणजे वर राहिलेला पातळ भाग, दुधासारखं पांढरं दिसतं. तिथे एलडीएल थेटच मोजावं लागतं. तुमच्या 180 ला गणित ठीक आहे. आणखी एक, नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर हे आकडे काही आठवडे खोटे कमी दिसतात.

‘नळी तुंबते’ असं सगळे म्हणतात. मोरीचा पाइप तुंबतो तसं ते नसतं. एलडीएलचे कण धमनीच्या भिंतीच्या आत शिरून अडकतात आणि वर्षानुवर्षं साठत जातात. एखाद्या दिवशी त्या साठ्यावरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो. त्यामुळे निम्मीच अरुंद झालेली धमनीसुद्धा घात करू शकते, आणि ‘मला तर काहीच त्रास होत नाही’ या वाक्यात काही दम नाही. 162 किती वर्षं राहणार, हा खरा प्रश्न. तुम्ही 38 चे आहात, पुढे तीस-चाळीस वर्षं आहेत.

आता तूप. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. तुपातली सॅच्युरेटेड फॅट जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं, नुकसान मुख्यतः त्या वाटेने होतं. वरणभातावरच्या चमचाभर तुपावर मी इतका चिडणार नाही, जितका चहासोबतच्या खारीवर आणि रोजच्या फरसाणावर चिडेन. डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून तेल घेऊ नका. खाण्याच्या कुठल्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंच असतं. खोबरेल तेलातही नाही, पण सॅच्युरेटेड फॅट भरपूर आहे. ट्रायग्लिसराइड वाढवायला साखर, मैदा, दारू पुरते, आणि उपवासाची साबुदाणा खिचडीही मदतीला असतेच. भाकरी, उसळ, जवसाची चटणी वाढवा, चाला. एवढं सगळं नीट केलं तरी एलडीएल साधारण 10-15 टक्के उतरतं. म्हणजे 162 चं 140.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये सामान्य माणसासाठीही एलडीएल 100 च्या खाली असावं असं सांगितलंय, जास्त धोका असलेल्यांसाठी 70 च्या खाली. वडिलांना 55 च्या आत अटॅक आलेला असणं हे डॉक्टर हलक्यात घेत नाहीत. अटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या 10 मिलिग्रॅमने एलडीएल एक तृतीयांशाहून जास्त उतरतं. गंमत म्हणजे डोस दुप्पट केला की आणखी फक्त 6 टक्क्यांच्या आसपास फरक पडतो.

तुमच्या जागी मी असतो तर गोळीला नाही म्हटलं नसतं, पण आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घेतला असता. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच चढतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर खालीही येतं. सोबत एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी. गोळी सुरू केल्यावर अंग, मांड्या दुखायला लागल्या तर मनानेच बंद न करता डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. साखर किंचित वाढू शकते, म्हणून तीही बघत राहा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करा. तेव्हा आकडा 100 आला तर तो गोळीमुळे आलाय. ‘नॉर्मल झालं’ म्हणून गोळी सोडलेली माणसं सहा महिन्यांनी त्याच जुन्या आकड्यासह आमच्या काउंटरवर उभी असतात. त्यात दादाही एकदा होता, अँजिओप्लास्टीनंतर!

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ते बव्हंशी आईवडिलांकडूनच येतं, पथ्याने हलत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही. तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही त्याच दिवशी सोबत आणा.